तेंदूच्या हंगामातली दोन अक्षरं

मे महिन्यात बल्लारपूरला भरदुपारी माणूस घराबाहेर पडत नाही, आणि पडलाच तर त्याचं काहीतरी नक्की अडलेलं असतं. परवा माझं अडलं होतं. कुलरची मोटर जळाली होती आणि ती पिशवीत घालून मी बाजाराकडे निघाले होते. चौकात एक ट्रक उभा होता, विड्या वळायच्या तेंदूपत्त्याच्या बोऱ्यांनी गच्च भरलेला, वर ताडपत्री. ड्रायव्हर सावलीत उसाचा रस पीत होता. मी ट्रकला वळसा घातला आणि तो वास आला. वाळलेल्या पानांचा, जरासा चहापत्तीसारखा, जरासा तापलेल्या धुळीचा. कुलर विसरले असं म्हणणार नाही, त्या उन्हात कुलर कुणी विसरत नाही. पण पाय मात्र तिथंच थांबले, आणि कुरखेड्याकडचा एक जुना हंगाम सगळाच्या सगळा डोळ्यांपुढं उभा राहिला.

मी सॉफ्टवेअरची माहितीपुस्तकं लिहिते. हे सांगितलं की लोक विचारतात, “म्हणजे सॉफ्टवेअर बनवता?” नाही, ते कसं वापरायचं ते लिहिते. “ते कोण वाचतं?” हा पुढचा प्रश्न, आणि तो अगदी रास्त आहे. कुणी वाचत नाही. अडल्यावर उघडतात, चिडलेले असतात, आणि पहिल्याच ओळीत तीन इंग्रजी अक्षरं दिसली की बंद करून शेजारच्याला विचारतात. त्या शेजारच्याशी माझी नोकरीभर स्पर्धा चाललेली आहे आणि अजून तरी तोच पुढे आहे.

लहानपणी मला प्रत्येक गोष्टीवर “म्हणजे?” विचारायची खोड होती. अम्मी वैतागून म्हणायची, “इसका नाम शाहीन नहीं, मतलब रखना था.” अब्बू शिंपी. कापडावर खडूनं ते ‘सी’, ‘क’, ‘बा’ असं काहीबाही लिहायचे. सी म्हणजे सीना, क म्हणजे कमर, बा म्हणजे बाही. मला ती अक्षरं फार आवडायची. त्यांनी कुणालाही ती समजावून सांगितली नव्हती, कारण ती वाचणारे तेच एकटे होते. आखूड अक्षरं अशीच जन्माला येतात, एका घरात, एका दुकानात, रोज बरोबर बसणाऱ्या चार जणांत. तिथं ती गोड असतात, वेळ वाचवतात, आपलेपणाही वाढवतात. घोळ सुरू होतो तो ती अक्षरं उंबरठा ओलांडून परक्याच्या हातात पडल्यावर.

त्या वर्षी एका संस्थेनं सिकलसेलच्या तपासणीसाठी मोबाइलवरचं ॲप तयार करून घेतलं होतं. सिकलसेल हा रक्ताचा आजार बल्लारपूरकडच्या आणि कुरखेड्याकडच्या दोन्ही जिल्ह्यांत नवा नाही. आईबापांकडून लेकरांत येतो, हाडं दुखतात, रक्त कमी होतं, पुन्हापुन्हा दवाखाना लागतो. गावोगावी आशाताई रक्ताचा नमुना घेणार, निकाल ॲपमध्ये येणार, आणि घरच्या फोनवर मेसेज जाणार. माझ्याकडे काम होतं आशाताईंसाठी मराठी पुस्तिका लिहिण्याचं. मी ॲप उघडलं तर पडदाभर नुसती मोठ्या लिपीतली इंग्रजी अक्षरं. ज्यांनी ते बनवलं ते पुण्यात एका खोलीत बसत होते आणि ही अक्षरं त्यांच्या तोंडात अब्बूंच्या खडूसारखीच रुळली होती. तिथल्या साहेबांनी मला फोनवर सांगितलं, “शेवटच्या पानावर सगळ्याची पूर्ण रूपं देऊन टाका, झालं.” आमच्या धंद्यातला हा जुना रिवाज. यादी मागे टाकली की लिहिणाऱ्याचं मन साफ होतं. मी तशी यादी केली, कच्चा मसुदा छापून घेतला, आणि तो माणसांवर चालवून बघायला कुरखेड्याच्या पुढच्या एका गावात जाऊन राहिले.

कुंदाबाई तिथल्या आशाताई. चाळिशीच्या, चालायला वारा, बोलायला सुपारी कातरल्यासारख्या. त्यांच्याच घरी माझा मुक्काम. पहिल्याच सकाळी त्यांनी मला समजावलं, “बाई, आता तुमाले गावात कोनी नाई भेटनार. तेंदू सुरू हाय. मीबी चालली.”

अंधार पातळ होता होता गाव जंगलात जायचं आणि उन्हं चढली की पानांची गाठोडी डोक्यावर घेऊन परत यायचं. मग अंगणा-अंगणात, मांडवाच्या सावलीला, पुडके बांधायचं काम. पान पानावर ठेवायचं, पालथं-उताणं जुळवायचं, सत्तर झाली की सालीच्या ओल्या दोरीनं आवळायचं. संध्याकाळी ते पुडके फळीवर न्यायचे, म्हणजे जिथं मुन्शी ते मोजून घेतो आणि रांगा लावून वाळत घालतात त्या मोकळ्या जागेवर. मी अर्थातच प्रत्येक शब्दाला “म्हणजे?” केलं. गंमत अशी की कुणी मला व्याख्या दिली नाही. पुडका म्हणजे काय विचारलं तर पुडका हातात दिला. फळी विचारली तर बोटाला धरून नेलं. माझा पहिला पुडका बघून तर कुंदाबाई पोट धरून हसल्या. “हा इथीच ठेवा. मुन्शीनं पाह्यला तं हंगाम बंद करीन.”

याच अंगणात मला मनीषा भेटली. शेजारच्या सोनाबाईंची लेक, बारावी झालेली, अंगानं काटक, पानं जुळवायला सगळ्यांत चपळ. तिचं लग्न ठरलं होतं. दोन खेडी ओलांडून पलीकडच्या प्रकाशशी. हंगाम आटोपला की लागणार होतं. प्रकाश तिला पसंत होता. हे तिनं मला सांगितलं नाही, पण त्याचं नाव निघालं की ती पानं उगाच पुन्हा मोजायची.

मी पोचण्याच्या थोडं आधी तिचा निकाल आला होता. घरात फोन एकच, आणि मेसेज वाजला तेव्हा तो होता सोयरीक जुळवणाऱ्या मामांच्या हातात. इंग्रजी अक्षरांची एक ओळ. तिच्यात ‘पॉझिटिव्ह’ हा एवढाच शब्द ओळखीचा, आणि शेवटी दोन अक्षरं, एएस. आता करोनाची साथ येऊन गेल्यावर पॉझिटिव्ह या शब्दाचा अर्थ कुणाला सांगावा लागतो का? तो शब्द आला की गाडी यायची, माणूस न्यायची, दाराला दोरी बांधायची. मामांनी अर्थ लावला, आणि दोनच दिवसांत प्रकाशच्या घरून निरोप आला की पोरगीला बिमारी आहे, तूर्त थांबा. तूर्त म्हणजे कायमचं, हे सगळ्यांना कळलं होतं. सोनाबाई तेव्हापासून फळीवर सगळे पांगल्यावर जायच्या. पुडके ठेवायच्या आणि कुणाशी न बोलता मागच्या वाटेनं घरी यायच्या. पोरीचं हे स्थळ गेलं त्याचं दुःख होतंच. पण बिमारीवाली पोर म्हणून पुढचंही दार बंद होईल, याची धास्ती मोठी होती.

वैद्यकाच्या भाषेत त्या दोन अक्षरांचा अर्थ इतकाच, की मनीषाला आजार नाही. आईबापांपैकी एकाकडून आलेला एक अंश तिच्या रक्तात आहे, बस. कुंदाबाईंना हे प्रशिक्षणात शिकवलं होतं. “मले समजते वो बाई,” त्या म्हणाल्या, “पन सांगाले गेली का ते शब्दच आडवे येते. म्या दोनदा सांगतलं. त्याईले वाटते मी झाकून राह्यली.”

मी म्हटलं, थांबा, पुस्तिका आहे ना. दुपारी अंगणात दोन्ही घरच्या बाया पुडके बांधत बसल्या होत्या, तिथं मी मसुदा घेऊन मोठ्यानं वाचायला लागले. माझी यादी मोठी नेटकी होती. एएस म्हणजे सिकलसेल ट्रेट, हेटरोझायगस अवस्था. एसएस म्हणजे सिकलसेल डिसीज, होमोझायगस अवस्था. वाचता वाचता माझं लक्ष त्यांच्या हातांकडे गेलं. हात चालूच होते. पानावर पान, दोरी, गाठ. पाऊस पत्र्यावर पडतो तसं माझं वाचन त्यांच्यावर पडत होतं आणि कुणाच्या कामात काडीचा फरक पडत नव्हता. मग मधेच कुंदाबाईंनी कुणाच्या तरी सुनेला नवव्या महिन्यातही जंगलात नेलं म्हणून सांगितलं, आणि सगळ्यांचे हात एकदम थांबले. “काय म्हंता!”

मला फार मौज वाटली. नंतर कित्येक दिवस मी तोच खेळ खेळले. वाक्य वाचायचं आणि हात बघायचे. जिथं अर्थ आत पोचायचा तिथं हात थांबायचे, निदान मंदावायचे. जिथं नुसते शब्द होते तिथं पुडक्यांचा ढीग वाढायचा. माझ्या मसुद्यानं त्या दुपारी बरेच पुडके बांधून काढले.

यादी संपल्यावर सोनाबाईंनी दबक्या आवाजात विचारलं, “म्हंजे दोन अक्षराची बिमारी आता एवढी मोठी झाली काय?”

चूक त्यांची नव्हती. लांब केलेलं अक्षर आणि उलगडलेला अर्थ या दोन निराळ्या वस्तू आहेत. गाठोडं मोठं असलं म्हणजे ते सुटलं असं होत नाही. मग मी सरकारी मराठीकडे वळले. तिथं ‘वाहक’ हा शब्द तयार होता. वाचल्याबरोबर मनीषा म्हणाली, “वाहक तं एसटीत राह्यते.” सगळ्या हसल्या, तीही हसली, त्या दिवसांत पहिल्यांदाच. मी वाहकाला बसमध्ये बसवून रवाना केलं. त्या रात्री मला माझ्याच धंद्याबद्दल नवा प्रश्न पडला. वाचणाऱ्याला शब्दाचं पूर्ण रूप हवं असतं कधी? त्याला हवं असतं एवढंच, की याचं माझ्यासाठी काय, आणि आता मी काय करू. हे दोन्ही त्याच जागी, त्याच ओळीत सांगता आलं तर मागच्या पानावर जायला कुणी कशाला तडफडेल?

दुसऱ्या दिवशी मी पुस्तिका बाजूला ठेवली आणि पानं हातात घेतली. हात गुंतले की माझं तोंड नेहमीप्रमाणे सुटतं. सोनाबाईंना विचारलं, “तुमच्यात सोयरीक जुळवताना पहिलं काय बघता?”

“देव इचारतो,” त्या म्हणाल्या. “किती देवाचे म्हून. कोनी चार, कोनी पाच. आमी सात देवाचे. थे सहा देवाचे. म्हून तं जमलं होतं.”

गोंड कुळांतली ही मोजणी मी ऐकून होते, पण तिचं व्याकरण मला ठाऊक नव्हतं. “आणि दोन्हीकडे सात असले तर?”

“मंग नाई जमत. थे तं भाऊबंद झाले. भाऊ-बहीनीचं लगन लावते काय कोनी?”

“मग सात देवाचं असणं वाईट असतं का?”

सोनाबाईंनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की शिकलेल्या बायांबद्दल त्यांच्या मनात जे काही होतं ते पक्कं झालं असावं. “वाईट काऊन राहीन, बाई? देव हाय ना थे.”

“नाही, म्हणजे असं कुणी म्हणतं का, ही पोरगी सात देवाची, आम्हाला नको?”

“एका बाजूचं इचारून कसं समजीन? दोन्हीकडचं इचारा लागते. दोन्हीकडचं सारखं निघालं तरच अडते.”

मनीषाचे हात थांबले. दोरी अर्धी आवळलेली, पुडका मांडीवर. “माय,” ती म्हणाली, “मंग माह्या रक्ताचं एकाच बाजूनं काऊन इचारलं?”

अंगणात कुणाचाच हात चालत नव्हता. कुंदाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. “हेच तं! हेच तं मले सांगाचं होतं, पन असं सुचलंच नाई.” आणि मग त्यांना जे शब्द आडवे येत होते ते येईनासे झाले. तुझ्यात एक वाटा आहे, त्यानं तुला काही होत नाही. नवऱ्यात नसला तर लेकराला बिमारी होत नाही. दोघांत एकेक असला तर मात्र दर बाळंतपणाला चारात एक अशी बिमारीची भीती. मनीषानं दोन-तीन प्रश्न विचारले. सोनाबाईंनी तर दहा विचारले. मी गप्प बसून होते, आणि माझ्या ओळखीच्यांना हे खरं वाटणार नाही.

संध्याकाळी मी तळ्याच्या पाळीवर गेले, कारण फोनला रेंज तिथंच यायची. पुण्याच्या साहेबांना म्हटलं, मेसेज बदला. रिपोर्टात काय लिहिलं ते सांगू नका, काय झालं ते सांगा. ते म्हणाले, “अहो, पण शास्त्रीयदृष्ट्या...” मी म्हटलं, शास्त्र डॉक्टरांच्या पडद्यावर जसंच्या तसं राहू द्या, त्यांना ती अक्षरं लागतात. घरच्या फोनवर जाणारी ओळ वेगळी करा. वाद बराच झाला. मी चिवट आहे आणि डासही चावत होते, त्यामुळे माझा आवाज जरा वाढला असेल. अखेर आमच्या चाचणीच्या गावांपुरती नवी ओळ मान्य झाली. ती अशी होती: ‘तुमच्या रक्तात सिकलसेलचा एक वाटा आहे. तुम्हाला आजार नाही. लग्नाआधी जोडीदाराचीही तपासणी करा. दोघांतही वाटा असेल तरच बाळाला आजार होऊ शकतो. काही विचारायचं असेल तर तुमच्या आशाताईंना विचारा.’ पाठवण्याआधी मी ती अंगणात वाचून दाखवली होती. हात थांबले होते.

मनीषानं पुढं जे केलं ते मला आजही धीटपणाचं वाटतं. मामांच्या हाती निरोप न देता तिनं स्वतः प्रकाशला फोन लावला. “माहं झालं. आता तुमी तपासून घ्या. मंग काय म्हनाचं ते म्हना.” एवढंच. प्रकाश कुरखेड्याच्या शिबिरात गेला. त्याचा निकाल येईपर्यंत आम्ही पुडके बांधले आणि तेंदूची पिकली फळं, टेंभरं, खाल्ली. मी मनातल्या मनात त्याच्या निकालात तो वाटा नसू दे म्हणत होते, अगदी रोज. पुस्तिका लिहिणाऱ्या बाईनं असं काही मागायचं नसतं, पण मी मागत होते.

तो एका दुपारी मोटारसायकलवर आला. एकटाच. उंबऱ्याशी चप्पल काढून त्यानं फोन मनीषाच्या हातात दिला. त्याचं गावही आमच्या चाचणीतलं, त्यामुळे नवी ओळ होती. तिनं ती मोठ्यानं वाचली, ‘तुमच्या रक्तात सिकलसेलचा एक वाटा आहे’, आणि पुढचं न वाचताच फोन खाली ठेवला. माझ्या ओळीत कुठंही अडण्यासारखं काही नव्हतं. इतकं सोपं लिहिल्याचा मला त्या क्षणी राग आला.

बराच वेळ ते दोघं मांडवाखाली बोलत बसले. कुंदाबाईंना मधेमधे बोलावून काहीतरी विचारत होते. त्यांनी ठरवलं तर लग्न करता येतं, पाय जड झाल्यावर पोटातल्या बाळाची लवकर तपासणी करता येते, हेही कुंदाबाईंनी सांगितलं. प्रकाशच्या चुलतभावाचं पोर याच आजारानं सतत दवाखान्यात असायचं, ते त्यानं जवळून पाहिलं होतं. शेवटी तो उठला आणि सोनाबाईंसमोर येऊन म्हणाला, “मावशी, आमी सहा देवाचे, तुमी सात. पन रक्तात आमी दोघं एकाच देवाचे निघालो. घरून निरोप आला तो चुकला होता. तो मी घरी जाऊन खोडून काढतो.”

मनीषा आत गेली, ताट वाढून आणलं आणि त्याच्यापुढं ठेवलं. “भाऊबंद झाले तं जेवून जा,” ती म्हणाली. तो जेवला. ती चुलीपाशी पाठ करून बसली होती, आणि धूर नसताना डोळे पुसत होती.

नंतरच्या वर्षांत मी पुष्कळ पुस्तिका लिहिल्या. कुठलंही आखूड अक्षर पहिल्यांदा आलं की तिथंच त्याचा अर्थ सांगते, गरज नसेल तर ते वापरतच नाही, आणि मागची यादी ठेवते ती फक्त हौशी लोकांसाठी. नवी मुलं मला विचारतात, वाक्य कळण्याजोगं झालं हे ओळखायचं कसं? मी त्यांना वाचणाऱ्याचे हात बघायला सांगते. त्यांना वाटतं बाई जरा विक्षिप्त आहेत. मनीषाचं लग्न पुढं देसाईगंजकडे झालं. तिनं आधी देव विचारले आणि मग रक्त, असं तिनंच मला फोनवर सांगितलं. तिची मुलगी आता अंगणवाडीत जाते.

पण ट्रकजवळ उभी होते तेव्हा मला आठवत होती ती प्रकाश जेवून गेला त्या दिवसाची संध्याकाळ. सोनाबाई उन्हं असतानाच निघाल्या, पुढच्या रस्त्यानं. पुडक्यांचं एक गाठोडं माझ्या डोक्यावर होतं आणि ते सांभाळता सांभाळता माझी मान मोडत होती. फळीवर सगळं गाव होतं. रांगेतली एक बाई गाठोडं उतरवता उतरवता म्हणाली, “काऊन वं सोनाबाई, पोरीचं मोडलं म्हंते? बिमारी निघाली म्हंते?”

मी सोनाबाईंकडे बघितलं. त्यांनी डोक्यावरचं गाठोडं सावकाश खाली ठेवलं, पदर नीट केला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “बिमारी नाई. माह्या पोरीत एक वाटा हाय, त्या पोरात एक वाटा हाय. दोघाईत एक-एक निघाला म्हून आमीच नाई म्हनलं. तुह्या पोराचं तपासलं काय? पहिले तपास. दोन्हीकडचं इचारा लागते.”

मग त्या खाली बसल्या आणि गाठोडं सोडून पुडके रांगेत मांडायला लागल्या.